लस हवी, पण कशी?

11 जानेवारी 2020 रोजी करोना विषाणूची जनुकीय रचना जगासमोर आली आणि 2 डिसेंबरला ब्रिटनने फायझरच्या लशीला मंजुरी दिली. मध्ये 326 दिवस गेले. लसनिर्मितीत इतका वेग पूर्वी कधी साधला नव्हता. तरीही तो अपुरा पडला. पुढच्या महासाथीत हा काळ शंभर दिवसांवर आणावा, असे लसनिर्मितीला चालना देणाऱ्या ‘सेपी’ या जागतिक संस्थेचे उद्दिष्ट आहे. तसे करोनाच्या वेळी घडले असते तर 80 लाखांहून अधिक जीव वाचले असते, असे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2024 मध्ये गणिती प्रारूपातून दाखवले. जोडीला उत्पादनक्षमता आणि आरोग्ययंत्रणा भक्कम असती, तर हा आकडा आणखी वाढला असता.

अशा प्रारूपांचे खरे मोल हे की, लशीचा कोणता गुण किती जीव वाचवतो हे ती वेगवेगळे तोलून दाखवतात. आपण मात्र लशीची परिणामकारकता 95 टक्के की 70 टक्के, एवढ्यावरच वाद घालत बसलो. एक रुग्ण सरासरी तिघांना बाधित करत असेल, तर साथ ओसरण्यासाठी दोनतृतीयांश लोकांकडून पुढचा संसर्ग थांबायला हवा. लस आजारपण 90 टक्के टाळते, पण संसर्ग निम्माच रोखते, असे असेल तर शंभर टक्के लसीकरण करूनही साथ आटोक्यात येत नाही. जीव वाचतात, साखळी तुटत नाही. म्हणूनच संसर्ग दाराशीच रोखू पाहणाऱ्या, नाकावाटे देण्याच्या लशींवरचे संशोधन आपल्याला महत्त्वाचे वाटते.

डोसचे गणितही असेच. मे 2021 मध्ये साठा नाही म्हणून महाराष्ट्राला 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. त्याच आठवड्यात केंद्राने कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधील अंतर 12 ते 16 आठवडे केले. टंचाईत थोड्यांना दोन डोस द्यायचे की अनेकांना एक, हे पहिला डोस किती आणि किती काळ संरक्षण देतो यावर ठरते. हा हिशेब लोक रांगेत उभे असताना मांडायचा नसतो. साठवणुकीचेही तसेच. फायझरची उणे 70 अंशांवर ठेवावी लागणारी लस आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कामाची नव्हती. पुण्याच्या जिनोव्हाने 2 ते 8 अंशांवर टिकणारी एम-आरएनए लस बनवली, हे मोठेच यश. पण तिला मंजुरी मिळाली जून 2022 मध्ये. दुसरी लाट ओसरून तेव्हा वर्ष झाले होते.

प्रारूप शेवटी त्यात भरलेल्या माहितीइतकेच खरे असते. लंडनच्या संगणकाला दुर्गम धडगावच्या पाड्यावरची वीज किती तास जाते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ती माहिती आपल्या आशाताईंकडे आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ती गोळा करावी, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आणि गणितज्ञांना एकत्र बसवावे, आणि भारताला हव्या असलेल्या लशीचे निकष आताच, साथ नसताना, जाहीर करावेत.