सोपे कोडे, अवघड चूक

'नद्या आणि नगरे' या विषयावरचे एक सोपे शब्दकोडे परवा नातीसह राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून सोडविले. 'सूर्यकन्या' वाचताच ती 'यमुना' म्हणाली. घरे दोनच होती, म्हणून 'तापी' ठरली. समोर तापी वाहत असता मुलीस यमुना आठवावी!

पुढे 'मुमताजमहालचे मृत्युस्थान' यासही दोनच घरे. अपेक्षित उत्तर 'आग्रा'. वस्तुतः १६३१ साली ती बऱ्हाणपुरासच निवर्तली आणि प्रथम पैलतीरी जैनाबादेस दफन झाली. आमच्या गावास तर पाच घरे लागतात.

"आजोबा, आग्रा न लिहिल्यास बक्षीस जाईल ना?"

"जाऊ दे, बाळ."

ती घरे आम्ही रिकामीच ठेवली. कोडे सोपे असावे, खोटे नसावे.