टचस्क्रीनसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी

दसरा-दिवाळीच्या खरेदीत घरासाठी म्युझिक स्ट्रीमर घ्यायचा विचार असेल, तर दुकानात शिरण्याआधी एवढं वाचा. स्ट्रीमर म्हणजे घरच्या वाय-फायला जोडून इंटरनेटवरची गाणी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरपर्यंत पोचवणारी पेटी. काही पेट्यांत अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. आता यातल्या बऱ्याच पेट्यांच्या तोंडावर टचस्क्रीन असते आणि दुकानदार सगळ्यात आधी तीच दाखवतो. दुकानाच्या उजेडात अल्बमचं रंगीत चित्र झळकतं, बोट फिरवलं की पानं सरकतात, आणि बघणाऱ्याचं मन तिथेच ठरतं. माझं सांगणं असं की, बहुतेक घरांत बोट लावायची स्क्रीन फारशी कामाला येत नाही. बघायची स्क्रीन येते. आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण त्याहून जास्त येतं. आणि एका दाबात गाणं थांबवणारं बटण तर सगळ्यात जास्त.

रोजच्या वापरात या पेटीला आपला हात नेमका कधी लागतो, ते बघा. गाणं शोधायचं काम फोनवर होतं आणि तिथेच ते नीट होतं. फोनवर मराठी कीबोर्ड असतो, बोलून शोधता येतं, आपल्या जुन्या याद्या तिथेच असतात. पेटीच्या तळहाताहून लहान स्क्रीनवर एकेक इंग्रजी अक्षर टिपत ‘किशोरी आमोणकर’ लिहून बघा, दुसऱ्यांदा तुम्ही आपणहून फोन उचलाल. शिवाय स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्ट वापरताना फोन फक्त हुकूम देतो, गाणं पेटी स्वतः इंटरनेटवरून ओढून घेते. एकदा गाणं सुरू झालं की मध्येच फोन आला किंवा फोन बंद पडला, तरी ते अडत नाही. ब्लूटूथचं तसं नसतं. तिथे आवाज फोनमधूनच जातो आणि फोन वाजला की गाणं तुटतं. म्हणून घरात कायमची बसवायची वस्तू केवळ ब्लूटूथवर चालणारी घेऊ नका.

शोधायचं काम फोनकडे गेलं, की पेटीकडे उरतं काय? सुरू करणं, थांबवणं, आवाज खाली-वर करणं, पुढचं गाणं लावणं. ही कामं घाईची असतात. संध्याकाळी कणीक मळताना दाराची बेल वाजते. गाणं थांबवायला तुम्ही पेटीपाशी जाता. स्क्रीन विझलेली असते, कारण काही मिनिटं हात लागला नाही की ती विझते. पहिल्या स्पर्शाला ती फक्त जागी होते. दुसऱ्या स्पर्शाला चालू गाण्याचं पान समोर येतं. तिसऱ्याला थांबवायची खूण, तीही बोट नेमकं तिच्यावर पडलं तर. या काचा बोटाच्या स्पर्शाने होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखतात. ओल्या हाताचा थेंब काचेवर पडला की यंत्राला तेही बोटच वाटू शकतं. बोटावर कणकेचा वाळलेला थर असेल, तर बोट लागलेलं काचेला कळतच नाही. तोवर बाहेरच्या माणसाने बेल पुन्हा वाजवलेली असते. साधं दाबायचं बटण असेल, तर हेच काम कोपराने होतं.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार करा. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी पडते आणि कोरडं बोट काचेला नीट जाणवत नाही. मग आजी जोरात दाबतात, जास्त वेळ दाबतात. जास्त वेळ दाबलं की यंत्र त्याचा वेगळा अर्थ लावतं आणि भलतीच यादी उघडते. हात थोडा थरथरत असेल, तर दाबण्याऐवजी सरकवल्याची नोंद होते आणि ऐन रंगात आलेलं गाणं जाऊन पुढचं लागतं. दोन-तीनदा असं झालं की आजी त्या यंत्राला हात लावायच्या बंद होतात. ‘तूच लाव बाई’ म्हणतात आणि कुणीतरी मोकळं होईपर्यंत बसून राहतात. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते हेच. ज्या माणसाने मर्फीच्या रेडिओवर काटा फिरवून नेमकं स्टेशन पकडलं, त्याला स्वतःच्या घरात एक गाणं लावायला परवानगी मागितल्यासारखं व्हावं, हे बरं नाही. सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला कारवां हा म्युझिक प्लेअर आठवा. आत ५,००० हिंदी गाणी आणि समोर एक मोठं फिरतं बटण. बटण फिरवा, कलाकार बदलतो. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. कितीतरी मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला आणि तो कसा चालवायचा हे समजावत बसायची वेळ फारशी कुणावर आली नाही.

बघायच्या स्क्रीनची बाजू मात्र मी घेईन. आपलं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हे जाणून घ्यायचं असतं. कॅसेटच्या वेष्टनावर ते छापलेलं असायचं. स्ट्रीमिंगमध्ये ही माहिती गाण्याच्या नावात कोंबलेली असते आणि छोट्या स्क्रीनवर ती मध्येच कापली जाते. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून आरामात वाचायचं, तर अक्षर साधारण सेंटिमीटरभर उंच हवं. देवनागरीला वरखाली मात्रा आणि उकारांसाठी आणखी जागा लागते. विम अल्ट्रा या २०२४ मध्ये आलेल्या स्ट्रीमरची टचस्क्रीन साडेतीन इंचांची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नऊ सेंटिमीटर. त्यावर एवढी मोठी अक्षरं कितीशी बसणार? याउलट केंब्रिज ऑडिओच्या इव्हो १५० ला ६.८ इंचांची स्क्रीन आहे, पण तिला स्पर्शाने काही कळत नाही. ती फक्त दाखवते, आणि शेजारी हाताला भरेल असं मोठं फिरतं बटण आहे. मला ही मांडणी शहाणपणाची वाटते. विम अल्ट्रालाही फिरतं बटण आहेच, आणि ती पेटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिची किंमत रेकॉर्ड प्लेअर आणि टीव्ही जोडायच्या सोयींसाठीही वाढलेली आहे. त्या सोयी हव्या असतील तर जरूर घ्या. केवळ काचेवर भाळून घेऊ नका.

टचस्क्रीन खरोखर उपयोगी पडते अशी घरंही आहेत. एक म्हणजे गाणं शिकणाऱ्यांचं. तासाभराच्या ख्यालातली दोन मिनिटांची एखादी जागा पुन्हा पुन्हा ऐकायची असते. त्यासाठी गाण्याची वेळ दाखवणाऱ्या रेघेवर बोट ठेवून मागे जाणं, हे रिमोटपेक्षा सोपं. पण इथेही हिशेब करा. साडेतीन इंची स्क्रीनवर ती रेघ सहा-सात सेंटिमीटरची असली, तर तासाभराच्या गाण्यात एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक मिनिट. तुमच्या बोटाचं टोक काचेवर आठ-दहा मिलिमीटर जागा व्यापतं. हवी ती तान सापडेपर्यंत रियाजाची वेळ सरेल. या कामासाठी स्क्रीन मोठीच हवी. एव्हरसोलो डीएमपी-ए६ ची सहा इंचांची आहे, हायफाय रोझ आरएस१५० ची तर १४.९ इंचांची. ती यंत्रं महाग आहेत आणि हात पोचेल अशा टेबलावर ठेवली तरच त्यांचं चीज होतं. दुसरं घर म्हणजे गाणं ऐकताना फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांचं. अशी माणसं आहेत आणि त्यांचा मला आदर वाटतो. फोनशिवाय यादी चाळायची, तर पेटीवरच चाळावी लागते. या दोघांपैकी तुम्ही कुणी असाल, तर बिनधास्त खर्च करा.

खर्च करण्याआधी ही वस्तू किती वर्षं टिकेल, तेही बघा. स्पीकर वीस वर्षं चालतो. स्क्रीनमागची प्रणाली मात्र कंपनीच्या मर्जीवर चालते. लॉजिटेकने २०१० मध्ये स्क्वीझबॉक्स टच नावाचा ४.३ इंची टचस्क्रीनचा स्ट्रीमर काढला आणि दोनच वर्षांत त्या मालिकेचं उत्पादन गुंडाळलं. २०२४ मध्ये त्याची इंटरनेटवरची सेवाही बंद झाली. तरी ती यंत्रं आजही वाजतात, कारण त्यांना चालवणारी प्रणाली सगळ्यांसाठी खुली आहे, हौशी लोक ती सांभाळतात आणि घरच्या संगणकावर ती चालवता येते. स्पॉटिफायच्या कार थिंगच्या नशिबी ते नव्हतं. गाडीत बसवायचं ते टचस्क्रीनचं उपकरण कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये कायमचं बंद केलं. वस्तू धडधाकट होती, पण निरुपयोगी झाली. फोनवरचं अ‍ॅप तरी भरवशाचं असतं का? तेही नेहमी नसतं. सोनोसने मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आणलं, त्यात गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही सुरुवातीला नव्हत्या, ग्राहक भडकले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. अ‍ॅप बिघडलं, काच मेली, तरी पेटीवरच्या बटणांनी निदान रेडिओ लागला पाहिजे. खरेदीच्या वेळी एवढा आग्रह धरा.

आपल्याकडे विजेचाही प्रश्न आहे. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात राहत असाल, तर दुकानदाराला यंत्राचा प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. मोठ्या स्क्रीनचे काही स्ट्रीमर आतून अँड्रॉइडवर चालतात आणि फोनसारखेच सुरू व्हायला वेळ घेतात. कुठे स्क्रीनवर बोट लावून काहीतरी मान्य केल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, कुठे साधी पेटी मुकाट्याने वाय-फाय शोधून तयार होते. आईवडील एकटे राहत असतील, तर हा फरक मोठा आहे.

परदेशात किंवा पुण्या-बंगळुरूत राहून गावी आईवडिलांना असं यंत्र पाठवणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. स्वतःच्या हौसेने निवड करू नका. शक्य असेल तर त्यांनाच दुकानात न्या. त्यांचा चष्मा बाजूला ठेवायला सांगा आणि आवाज कमी करायला सांगा. बोट जरा ओलं करून गाणं थांबवायला सांगा. मग चष्मा लावून चार-पाच पावलं मागून गाण्याचं नाव वाचता येतं का, ते विचारा. मराठी नावाचं गाणं लावून अक्षरं नीट उमटतात की जागोजागी रिकामे चौकोन दिसतात, ते बघा. झोपायच्या खोलीत ठेवायचं असेल, तर स्क्रीन पूर्ण काळी करता येते का, तेही विचारा. दुकानदार घाई करेल, तुम्ही करू नका. पैसे तुमचे आहेत आणि पुढची कित्येक वर्षं ते यंत्र त्यांच्या उशापाशी असणार आहे.

आणि टचस्क्रीनचं यंत्र घरात आधीच आलं असेल, तर ते टाकून देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन विझण्याची वेळ वाढवा. त्या कंपनीचा बटणांचा रिमोट मिळत असेल तर घ्या. प्रीसेट म्हणजे नेमून ठेवायची बटणं, ती भरून ठेवा. पहिल्यावर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, दुसऱ्यावर २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी आकाशवाणीची रागम, इंटरनेट रेडिओच्या यादीत सापडल्या तर. तिसऱ्यावर आईची अभंगांची यादी. मग जाड कागदाच्या पट्टीवर ठळक मराठीत १, २, ३ आणि पुढे नाव लिहा, आणि ती पट्टी रिमोटच्या पाठीला चिकटपट्टीने लावून द्या.