भुईसरशी गाडी

जुना, झिजलेला पिकअप स्वस्तांत घ्यावा व स्प्रिंगचे पाटे कमी करून भुईसरसा बसवावा, असा हट्ट घरांतील एखाद्या तरुणानें धरल्यास वडीलधाऱ्यांनीं त्यास एकदम झिडकारूं नये. मोडकें यंत्र चालतें करणें हीहि विद्याच आहे. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम त्यास अवश्य वाचावयास द्यावें. उत्पादकानें ठरविलेली मूळ रचना मालकास बदलतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं या कलमाविषयीं स्पष्ट केलें आहे. शिवाय आमची वसई सखल. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्यास रूळ पाण्याखालीं जाऊन आगगाड्या थांबल्या. तेथें भुईसरशा गाडीचा काय निभाव लागणार? इंजिन, ब्रेक, गंजलेला सांगाडा खुशाल दुरुस्त करावा. उंची मूळचीच राखावी. भर पावसांत घरच्यांस सुखरूप आणील, ती गाडी खरी, असें आम्ही म्हणूं.