भाषा तीन, घर एकच!
'बिग बॉस'मागच्या कंपनीची खरेदी-विक्री आणि मराठी पडद्यापुढील प्रश्न

माजरी (जि. चंद्रपूर) : नागपूर-बल्लारशा लोहमार्गावरील माजरी जंक्शनला वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणींच्या आधाराने वाढलेल्या या परिसरात मराठी, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी नांदतात. खाणीतली पाळी संपवून घरी परतलेल्या कामगाराच्या घरात संध्याकाळी दूरचित्रवाणी संच सुरू होतो, तेव्हा प्रत्येक घर आपापल्या भाषेची वाहिनी लावते. 'बिग बॉस'चा हंगाम आला की मराठी घरात 'कलर्स मराठी', हिंदी घरात 'कलर्स' आणि तेलुगू घरात 'स्टार मा' वाहिनी लागते. सूत्रसंचालक निराळे, स्पर्धक निराळे, भांडणाची भाषाही निराळी. बंद घर, भिंतीवरचे कॅमेरे, आठवड्याची हकालपट्टी आणि अदृश्य आवाजाचा हुकूम मात्र तोच.

हे साम्य केवळ पडद्यावरचे नाही. या तिन्ही कार्यक्रमांची निर्मिती एण्डेमॉल शाइन इंडिया ही एकच संस्था करत आली आहे आणि जुलै २०२० मध्ये ती फ्रान्समधील बनिजे समूहाच्या मालकीची झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सची व्हायाकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचे विलीनीकरण होऊन 'जिओस्टार' अस्तित्वात आल्यावर या तीनही वाहिन्या एकाच छत्राखाली आल्या. वरवर पाहता प्रेक्षकाला तीन पर्याय दिसतात. प्रत्यक्षात कार्यक्रम विकणारा एक आणि विकत घेणाराही एकच आहे. ही स्थिती कशी आली आणि तिचा मराठी कलावंत-निर्मात्यांशी काय संबंध, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

नेदरलँड्समधून सुरुवात

या कथेचा आरंभ १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. योप फान डेन एण्डे आणि जॉन डी मोल या दोन डच निर्मात्यांनी आपल्या संस्था एकत्र केल्या आणि दोघांच्या आडनावांतून 'एण्डेमॉल' हे नाव घडले. सप्टेंबर १९९९ मध्ये या कंपनीने 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम डच वाहिनीवर आणला आणि पुढल्याच वर्षी स्पेनच्या टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीने एण्डेमॉल सुमारे साडेपाच अब्ज युरोंना विकत घेतली. एका दूरध्वनी कंपनीने करमणुकीच्या कंपनीसाठी एवढी किंमत मोजावी, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. इंटरनेट आणि मोबाइलच्या तारांतून पाठवायला 'माल' हवा, हा त्यामागचा हिशेब होता.

तो हिशेब जमला नाही. २००७ मध्ये टेलिफोनिकाने आपल्याकडचा ७५ टक्के हिस्सा सुमारे २.६ अब्ज युरोंना विकला. घेणाऱ्यांत इटलीची मीडियासेट, अमेरिकेची गोल्डमन सॅक्स आणि खुद्द जॉन डी मोल यांची गुंतवणूक संस्था होती. या व्यवहारासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा कंपनीच्याच माथी आला. मंदीच्या काळात तो पेलवेना आणि २०१२ मध्ये धनकोच मालक होऊन बसले. २०१४ मध्ये एण्डेमॉलचे 'शाइन' या समूहाशी विलीनीकरण झाले. शाइन ही एलिझाबेथ मरडॉक यांनी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन केलेली संस्था. तिनेही लहान-मोठ्या निर्मिती संस्था विकत घेत आपला पसारा वाढवला होता आणि २०११ मध्ये ती रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनकडे गेली होती. 'मास्टरशेफ'सारखा कार्यक्रम तिच्या पोतडीत होता.

विकत घेणाऱ्यालाच विकत घेतले

फ्रान्समधील बनिजे समूहाची स्थापना २००८ मध्ये स्तेफान कुर्बी यांनी केली. हे गृहस्थ पूर्वी एण्डेमॉलच्याच फ्रान्समधील शाखेचे प्रमुख होते. त्यांनी नवे कार्यक्रम कल्पिण्यापेक्षा, ज्यांच्याकडे चाललेले कार्यक्रम आहेत अशा संस्था घेण्याचा मार्ग धरला. २०१६ मध्ये झोडियाक मीडिया या मोठ्या समूहाशी बनिजेचे विलीनीकरण झाले. झोडियाकनेही त्याआधी ब्रिटनची आरडीएफ ही संस्था गिळंकृत केली होती. अशा रीतीने एका खरेदीत आधीच्या अनेक खरेद्या आपोआप पदरात पडत गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये बनिजेने एण्डेमॉल शाइन घेण्याची घोषणा केली. कर्जासह या व्यवहाराचे मूल्य सुमारे २.२ अब्ज डॉलर सांगितले गेले. करोनाच्या साथीत जगभरचे चित्रीकरण ठप्प असताना, जुलै २०२० मध्ये तो पूर्ण झाला आणि एकेकाळचा शाखाप्रमुख मूळ कंपनीचा धनी झाला. वीसहून अधिक देशांतील शंभराहून अधिक निर्मिती संस्था त्यामुळे एका समूहात आल्या.

यातील एक तपशील फार बोलका आहे. 'सर्व्हायव्हर' या कार्यक्रमाचे हक्क असलेल्या कास्टअवे या ब्रिटिश संस्थेने 'बिग ब्रदर' ही आपल्याच कल्पनेची नक्कल असल्याचा दावा एण्डेमॉलविरुद्ध नेदरलँड्सच्या न्यायालयात लावला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो फेटाळला. पुढे बनिजेने २०१७ मध्ये कास्टअवे घेतली आणि २०२० मध्ये एण्डेमॉलही. न्यायालयात एकमेकांसमोर उभे ठाकलेले वादी-प्रतिवादी आज एकाच तिजोरीत आहेत. न्यायाने जो प्रश्न एका बाजूने सोडवला, तो बाजाराने दोन्ही बाजू विकत घेऊन संपवला.

विक्रीचा माल कोणता?

या व्यापारात नेमके काय विकले जाते, हे समजून घेतले पाहिजे. ज्याला 'फॉरमॅट' म्हणतात तो कार्यक्रमाचा सविस्तर आराखडा असतो. घर कसे असावे, कॅमेरे कुठे लावावेत, स्पर्धकांची निवड कशी करावी, कोणत्या दिवशी काय घडावे, मतदान कसे घ्यावे, येथपर्यंतच्या सूचना त्यात असतात. दुसऱ्या देशांत केलेल्या चुका आणि त्यावरचे उपायही त्यात नोंदवलेले असतात. हा आराखडा वापरण्याचा परवाना वाहिनी पैसे मोजून घेते. कार्यक्रम मराठीत झाला तरी आराखड्याचा हक्क परदेशातील मालकाकडेच राहतो.

कायद्याच्या दृष्टीने हा माल काहीसा निसरडा आहे. नुसत्या कल्पनेवर प्रताधिकार सांगता येत नाही. ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवरच सांगता येतो, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात 'फॉरमॅट' असा स्वतंत्र प्रकारही नाही. तरीही वाहिन्या परवाना घेतात. त्याचे कारण, नावाचा दबदबा, तयार कौशल्य आणि 'हे अन्यत्र चालले आहे' ही जाहिरातदाराला देता येणारी हमी. ज्याच्या संग्रहात असे आराखडे अधिक, त्याचा शब्द बाजारात अधिक वजनदार. संस्था विकत घेत सुटण्यामागचे इंगित हेच आहे.

मराठी पडद्यावर

महाराष्ट्रात या घडामोडींचे पडसाद स्पष्ट दिसतात. हिंदी 'बिग बॉस' नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीवर सुरू झाला आणि २००८ पासून 'कलर्स'वर गेला. मराठी आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये महेश मांजरेकर यांच्या सूत्रसंचालनाने आली. ती ज्या वाहिनीवर आली, तिचा प्रवासही हस्तांतराचाच आहे. रामोजी राव यांच्या समूहाने २००० मध्ये सुरू केलेली 'ईटीव्ही मराठी' २०१४ मध्ये नेटवर्क१८ कडे गेली, २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली आणि २०२४ मध्ये जिओस्टारमध्ये विलीन झाली. सेलाडोर या ब्रिटिश संस्थेने घडवलेला आराखडा २००६ मध्ये डच कंपनी टू-वे-ट्रॅफिककडे आणि २००८ मध्ये सोनीकडे गेला. त्याची मराठी आवृत्ती २०१३ मध्ये 'ईटीव्ही मराठी'वर आली आणि २०१९ मध्ये 'सोनी मराठी'वर. म्हणजे तेथे आराखडाही सोनी समूहाचा आणि वाहिनीही त्याच समूहाची.

विदर्भापुरते बोलायचे तर अमरावतीच्या शिव ठाकरे यांचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये ते मराठी 'बिग बॉस'चे विजेते ठरले. त्यानंतर हिंदी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात ते उपविजेते झाले आणि २०२३ मध्येच 'खतरों के खिलाडी'तही उतरले. तिन्ही कार्यक्रम एकाच निर्मिती संस्थेचे. एका तरुणाला आडगल्लीतून देशभर पोहोचवण्याची या यंत्रणेची ताकद त्यातून दिसते. त्याचबरोबर, कलावंताच्या वाटचालीचा प्रत्येक टप्पा एकाच दारातून जातो, हेही दिसते.

या यंत्रणेचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. अखंड चालणाऱ्या शेकडो तासांच्या चित्रीकरणाची शिस्त, संकलनाचे तंत्र, सुरक्षेचे दंडक या गोष्टी मराठी तंत्रज्ञांनी अशा कार्यक्रमांत शिकल्या. बारामती तालुक्यातील सूरज चव्हाण २०२४ मध्ये विजेता झाला, तेव्हा शहरी उच्चारांपलीकडची मराठी दररोज घराघरांत ऐकू आली. एखाद्या मालिकेने हे सहजी केले असते, असे म्हणवत नाही.

कर्जाचा भार, सावध निवड

तथापि खरेदीतून वाढणाऱ्या कंपनीची एक अडचण असते. खरेदी बहुधा कर्ज काढून होते आणि कर्जाचे हप्ते नव्या प्रयोगाच्या यशाची वाट पाहत नाहीत. त्यामुळे जे चालते तेच पुन्हा, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात चालवण्याकडे कल वाढतो. वाहिन्यांची संख्या दिसायला कायम राहते, पण त्यांचे मालक कमी होतात. पूर्वी एका वाहिनीने नाकारलेली संहिता घेऊन निर्माता दुसऱ्या समूहाकडे जाऊ शकत असे. आता अनेकदा दुसरे दार त्याच वाड्याचे निघते. झी आणि सोनी यांचे प्रस्तावित विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले, म्हणून मराठीत निदान तीन मोठे दरवाजे उरले. अन्यथा दोनच उरले असते.

मराठीने स्वतःचे काही घडवलेच नाही, असे नाही. २००४ मध्ये 'झी मराठी'वर सुरू झालेला 'होम मिनिस्टर' किंवा २०१४ चा 'चला हवा येऊ द्या' हे कार्यक्रम परदेशी परवान्याशिवाय उभे राहिले आणि लोकांनी ते उचलून धरले. मात्र आपल्याकडील प्रचलित रीतीनुसार निर्मात्याला ठरलेली रक्कम मिळते आणि हक्क वाहिनीकडे जातात. कल्पना यशस्वी झाली तरी ती अन्य भाषांत, अन्य देशांत विकण्याचा अधिकार कल्पकाच्या हाती राहत नाही. साहजिकच मराठी निर्मिती संस्थांकडे संग्रह साठत नाही, आणि संग्रह नसल्याने त्या वाढतही नाहीत.

ब्रिटनने यावर २००३ च्या दळणवळण कायद्याने उपाय योजला. स्वतंत्र निर्मात्यांशी करार करताना सार्वजनिक वाहिन्यांना नियमावली पाळणे बंधनकारक झाले आणि मूळ हक्क निर्मात्याकडे राहू लागले. त्यातून ब्रिटिश संस्था सबळ झाल्या, त्यांचे आराखडे जगभर गेले. अर्थात सबळ झाल्यामुळेच त्या मोठ्या समूहांच्या डोळ्यांत भरल्या आणि त्यांतील कित्येक विकल्याही गेल्या. पण विकल्या गेल्या तेव्हा किंमत निर्मात्यांना मिळाली, हा फरक लहान नाही. भारतात २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने चित्रपटांचे गीतकार-संगीतकार यांना मानधनापलीकडील वाटा मान्य केला. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमकल्पनांना मात्र असे संरक्षण अद्याप लाभलेले नाही.

झाडीपट्टीची तुलना

माजरीहून पूर्वेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात, करमणुकीचा एक वेगळाच व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीची नाटके रंगतात. शंकरपट असो वा मंडई, रात्री नाटक हवेच. वडसा येथे नाट्य मंडळांची कार्यालये आहेत. गावकरी तेथे येऊन प्रयोग ठरवतात आणि तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे नाटक मंडळाचे असते आणि कोणते नाटक आणायचे हे गाव ठरवते. या व्यवहारात पैसा थोडा आहे, कष्ट पुष्कळ आहेत, कलावंतांच्या अडचणीही आहेत. पण नाटक कोणाचे, असा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही.

दूरचित्रवाणीला झाडीपट्टीच्या मापाने मोजणे योग्य होणार नाही. जागतिक कंपन्यांना दार बंद करणेही शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु मराठी निर्मात्याला आपल्या कल्पनेचा काही हक्क आपल्याकडे राखता यावा, करारात तशी तरतूद असावी, आणि प्रसारण क्षेत्रातील विलीनीकरणांची छाननी करताना जाहिरातदारांच्या हिताबरोबर प्रादेशिक भाषांतील निर्मात्यांची सौदाशक्तीही लक्षात घेतली जावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तसे न झाल्यास माजरीच्या तीन घरांत तीन भाषा ऐकू येत राहतील. पण त्यांतल्या एकाही भाषेत सुचलेली नवी गोष्ट दुसऱ्या दोन घरांपर्यंत पोहोचणार नाही.