कुलूप बघून गाव मोजू नका!



"तुमचा पाडा म्हणजे गावच नाही." जंगलातल्या, पाझर तलावाच्या काठच्या आपल्या पाड्यांना हे किती वेळा ऐकवलं! कारण काय, तर घरं थोडी, माणसं थोडी, आणि उन्हाळ्यात साहेब आले तेव्हा दारांना कुलपं.

आता दूरदेशची गोष्ट ऐका. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात तळ्यांच्या काठी 'उन्हाळी गावं' आहेत. शहरातले पैसेवाले उन्हाळ्यात येतात, पोहतात, मासे धरतात, थंडी पडली की कुलूप लावून जातात. असं पहिलं गाव १९१३ साली झालं. कायम राहणारे बहुतेक ठिकाणी ३०० च्या आत, काही ठिकाणी १०० सुद्धा नाहीत. तरी सरकारनं त्यांना नगरपालिकेसारखा दर्जा दिला. आपली समिती, आपला कर, आपले नियम. घर नावावर असलं की तिथं न राहणारालाही मत. निवडणूकही उन्हाळ्यातच, माणसं असतात तेव्हा. आणि ती तळी मुळात कोणाची? क्री, नाकोडा या तिथल्या आदिवासींची!

मग आपल्यालाच वेगळं माप का? संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्यात भिलाला, बारेला, कोरकू, निहाल पिढ्यानपिढ्या राहतात. विहिरी आपण खणल्या, बांध आपण घातले, आपली मसणवटही इथंच. १९९७ साली अंबाबरवा अभयारण्य झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं इथं आहेत. उन्हाळ्यात आपण काही मौज करायला जात नाही. तलाव आटतो, हाताला काम नसतं, म्हणून लेकरं घेऊन वीटभट्टीवर जातो. पाऊस लागला की पेरायला परत येतो. त्यांचं कुलूप म्हणजे मालकी, आपलं कुलूप म्हणजे गैरहजेरी. हा कुठला न्याय?

२००६ चा वनहक्क कायदा साफ सांगतो: वनगावं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, नोंद असो-नसो, ही सगळी गावंच. त्यांना महसुली गाव करून घेणं हाही आपला हक्क. गावाला किती डोकी पाहिजेत, असा आकडा या कायद्यात कुठंच नाही. दाव्यांची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला हुसकता येत नाही.

म्हणून आता हे करा. पाड्याची ग्रामसभा सगळे परतल्यावर घ्या. निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी बाया पाहिजेत. कामाला गेलेल्यांची नावं यादीतून गळू देऊ नका. म्हाताऱ्यांचे जबाब, विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा, यातले एकापेक्षा जास्त पुरावे दाव्याला जोडा. ठरावाची नक्कल जवळ ठेवा. दावा दिला की सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

साहेबांना कुलूप दिसतं. त्याची किल्ली आपल्या कमरेला आहे, हे आता दाखवून देऊ.

जिंदाबाद!