मैदान आणि वही

खेळाडूने संस्थेच्या कारभारात पडावे की नाही, हा विषय निघाला की दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, खेळाडूला कागदपत्रांतले काय कळते? दुसरा विचारतो, ज्याने कधी चेंडूला पाय लावला नाही, त्याला खेळातले काय कळते? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. का, ते सांगण्यासाठी मी आयर्लंडच्या जार्लथ बर्न्स यांचे उदाहरण घेते.

बर्न्स हे गेलिक फुटबॉलपटू. या खेळात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात धरताही येतो आणि पायाने मारताही येतो. तो चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झाली. डब्लिनमधील तिच्या क्रोक पार्क मैदानावर ८२,००० हून अधिक प्रेक्षक बसतात. पण तेथे उतरणाऱ्या खेळाडूला पगार नाही! रविवारी टाळ्या घ्यायच्या आणि सोमवारी आपापल्या शाळेत, शेतावर, दुकानात कामाला हजर व्हायचे, अशी तेथली रीत आहे.

बर्न्स उत्तर आयर्लंडमधील आर्मा परगण्याकडून मधल्या फळीत खेळत. १९९९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली आर्माने सतरा वर्षांनी अल्स्टर प्रांताचे अजिंक्यपद मिळवले आणि ते निवृत्त झाले. पुढे २००२ मध्ये आर्माने प्रथमच अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले, तेव्हा बर्न्स संघात नव्हते. पेशाने ते शिक्षक. पुढे बेसब्रुक येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. दुसरा एखादा जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगत बसला असता. बर्न्स यांनी सिल्व्हरब्रिज या आपल्या गावच्या क्लबचे चिटणीसपद सांभाळले. पत्रे लिहायची, नोंदी ठेवायच्या, सभा बोलवायच्या. या कामाला टाळ्या नसतात. खेळाच्या नियमांचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

२०२० साली ते संस्थेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि लॅरी मॅकार्थी यांच्याकडून हरले. हरल्यावर ते रुसले नाहीत. २०२३ मध्ये पुन्हा उभे राहून निवडून आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी अध्यक्ष झाले.

खेळ तेव्हा कंटाळवाणा होत चालला होता. सगळा संघ आपल्याच गोलापुढे गर्दी करी आणि चेंडू नुसता आडवा फिरत राही. बर्न्स यांनी स्वतःचेच मत लादले नाही. डब्लिनचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सूचना ३० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रतिनिधींच्या खास सभेत मतांना टाकल्या गेल्या आणि संमत झाल्या. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून चेंडू दांडीवरून मारला तर एकाऐवजी दोन गुण, प्रत्येक अर्ध्या मैदानात किमान तीन खेळाडू ठेवायचे, असे नियम २०२५ च्या हंगामात आले.

येथेच माझा मुद्दा आहे. खेळात काय बिघडले आहे, हे खेळलेल्या माणसाला कळते. पण ते दुरुस्त करायला प्रतिनिधींची मने वळवावी लागतात, आणि ती विद्या मैदानावर मिळत नाही. ती चिटणिसाच्या वहीत मिळते. तेवढ्यानेही सगळे साधते असे नाही. बेलफास्टचे केसमेंट पार्क मैदान २०१३ पासून बंद पडून आहे. पैशांचा आणि राजकारणाचा तो गुंता अध्यक्ष खेळाडू आहे म्हणून सुटला नाही.

जुलै २०२४ मध्ये आर्माने दुसऱ्यांदा अजिंक्यपद जिंकले. खेळाडू म्हणून जो चषक बर्न्स यांना कधी मिळाला नाही, तो त्यांनी अध्यक्ष म्हणून आपल्याच परगण्याच्या कर्णधाराच्या हाती दिला. विजयी संघात त्यांचा मुलगाही होता. त्या क्षणाचा हेवा सर्वांना वाटेल. त्यामागची वर्षानुवर्षांची पत्रे मात्र कोणाला दिसणार नाहीत.

आपल्या देशातही २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला आणि महासंघांच्या कार्यकारिणीत गुणवंत खेळाडूंसाठी जागा ठेवल्या गेल्या. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण जागा राखून बसायची सवय कशी येणार?

हे मी दुसऱ्यांना विचारत नाही. मी खो-खो खेळते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी जिमखान्याच्या सभेत इतिवृत्त लिहायला कोणी हवे होते. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान खाली घातली. ठराव, हिशेब, सह्या ही मोठ्या लोकांची कामे, आपण फक्त पळायचे, असे मनात कुठेतरी रुजलेले होते. मग वर्षभर आम्ही मुलीच कुरकुरत राहिलो, की मैदानावर आमची वेळ कोणी ठरवली? ज्या सभेत ती ठरली, तिची वही तर माझ्यासमोरच आली होती.

खेळायचे आपण आणि ठरवायचे दुसऱ्यांनी, ही वाटणी कोणी आपल्यावर लादलेली नाही. निदान अर्धी तरी आपणच मान्य केलेली आहे. यंदा ती वही मी मागून घेणार आहे. अक्षर माझे फारसे चांगले नाही. पण ते सुधारता येईल.