‘तीन दिवसांत पक्के दात’, पण हाडाला घाई चालत नाही

‘तीन दिवसांत पक्के दात’, ‘कवळीला कायमची सुट्टी’ अशा जाहिराती आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावांतही असे फलक दिसतात. दंतरोपण, म्हणजेच डेंटल इम्प्लांट, अधिक लोकांपर्यंत पोहोचते आहे, हे चांगलेच. मात्र या उपचाराचे यश ज्या दोन गोष्टींवर ठरते, त्या फलकावर नसतात: हाड जुळायला लागणारा वेळ आणि नंतरची निगा.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर जोडाचा भाग आणि वर कॅप बसते. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्यावर पहिले रोपण केले. ते इम्प्लांट २००६ मध्ये लार्सन यांचे निधन होईपर्यंत टिकले. म्हणजे हे तंत्र भरवशाचे आहे; योग्य रुग्णात दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकतात.

हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने मऊ असल्याने तिथे वेळ जास्त लागू शकतो. या काळात स्क्रूवर जास्त जोर पडून तो हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ ऊती तयार होतात आणि इम्प्लांट सैल पडतो. काही रुग्णांत हाड भक्कम असते, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसतो. तिथे लगेच दात देता येतात. पण ते बहुधा तात्पुरते असतात आणि हे सर्वांना जमणारे नाही. दात काढून बरीच वर्षे झाली असतील तर हाड झिजलेले असते. अशा वेळी आधी हाड भरावे लागू शकते. त्यामुळे स्कॅन न करता ‘तीन दिवसांत’ असे कोणी सांगत असेल, तर थांबावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची भीती मात्र अनाठायी आहे. ती जागेवरच भूल देऊन होते. दोन-तीन दिवस सूज, थोडे दुखणे, मऊ आहार आणि आठ-दहा दिवसांनी टाके काढणे, एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येते.

खरा धोका पुढे असतो. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकते. नैसर्गिक दात हाडाशी तंतूंनी बांधलेला असतो. इम्प्लांटभोवती ते तंतू नसतात आणि हिरडीची पकडही कमजोर असते. साचलेल्या थरातून संसर्ग आत शिरला, तर तो फारसा न दुखता हाड पोखरतो. ब्रश करताना रक्त येणे ही पहिली सूचना असते. म्हणून मऊ ब्रश, फटींसाठीचा बारीक ब्रश आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, हे कायमचे.

आपल्याकडे तंबाखू आणि मधुमेह हे दोन मोठे अडथळे आहेत. आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट बसवता येतो. नसेल तर जखम भरत नाही. विडी-सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो. तंबाखू आणि मिश्रीही हिरडीला घातकच. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल औषधे चालू असतील, तर तीही आधी सांगायला हवीत.

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघात वगळता दातांचा खर्च मिळत नाही. बहुतेक घरांत हा पैसा साठवणीतूनच जातो. म्हणून होकार देण्याआधी विचारावे: सांगितलेल्या रकमेत कॅप आणि हाड भरणे धरले आहे का? इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहून मिळेल का? पाच वर्षांनी तक्रार आली तर कोण पाहील? फसलेला इम्प्लांट निघताना सोबत हाडही नेतो. दुसरी संधी पहिलीपेक्षा अवघड आणि महाग असते. त्यापुढे सहा महिन्यांची वाट फार मोठी नाही.